धर्मकाटा



परिचयातील एका कुटुंबाचा गेल्या महिन्यात निरोप आला. घरातील वडीलधारे कर्करोगाने गेले. दीड वर्ष उपचार चालले, मुलांनी कशातही कमी पडू दिले नाही. पण आयुष्याची दोरी तेवढीच होती. आता पहिल्या पुण्यतिथीला त्यांच्या नावे काही रक्कम दान करावी, असे घरात ठरले आहे. थोरल्या चिरंजीवांचे म्हणणे, रुग्णालयाला एखादे यंत्र द्यावे. धाकट्यांचे म्हणणे, एक खोली बांधून द्यावी. दोघांचे ऐकून घेतल्यावर त्यांच्या मातोश्रींनी मात्र निराळाच प्रश्न केला : “शेवटचे जे औषध यांना दिले, ते यांना लागू पडेल हे डॉक्टरांनी कशावरून ठरवले असेल?”

दानाविषयी सल्ला विचारण्यासाठी आलेल्या त्या निरोपात मला हा प्रश्नच सर्वांत मोलाचा वाटला. औषध कशावरून ठरते? आधी ते शेकडो रुग्णांना दिले गेलेले असते, त्यांचे काय झाले याच्या नोंदी ठेवलेल्या असतात आणि त्या नोंदींचा हिशेब कोणीतरी मांडलेला असतो. हा हिशेब मांडणारा माणूस रुग्णाला कधी दिसत नाही. त्याचे नाव रुग्णालयाच्या दारावरील पाटीवर नसते. तथापि त्याचा आकडा चुकला तर औषध चुकते. आजचे हे सदर त्या अदृश्य हिशेबनीसासाठी आहे.

हिशेबाचे मोल आपल्या घरांना सांगावे लागत नाही. जुन्या पेढीवर कीर्द लिहिणारा एक आणि खतावणीशी ताडून पाहणारा दुसरा, अशी रीत असे. लिहिणाऱ्यावर अविश्वास होता म्हणून ही रीत पडली नव्हती. आपल्याच हातची चूक आपल्याच डोळ्यांना दिसत नाही, एवढे शहाणपण त्यामागे होते. तेरीज एका आण्याने जुळली नाही तरी दिवाणजी दिवा मालवत नसत. कारण आण्याची तूट आज दिसते, तिच्याआड शंभराची चूक दडलेली असू शकते. आणि मालाच्या वजनावरून खरेदीदार व विक्रेता यांच्यात शंका उत्पन्न झाली, तर दोघांपैकी कोणाच्याही मालकीचा नसलेला काटा गाठावा लागे. त्याला लोकांनी ‘धर्मकाटा’ असे सार्थ नाव दिले.

कर्करोगाच्या संशोधनाला आज अशाच काट्याची गरज का भासते, ते पाहू. मनुष्याच्या पेशीत सुमारे 20,000 प्रथिने घडविणारी जनुके असतात. रुग्णाच्या गाठीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतला, तरी त्यातील प्रत्येक जनुक किती कार्यरत आहे हे आता मोजता येते. अमेरिकेत 2006 साली ‘द कॅन्सर जीनोम ॲटलस’ हा प्रकल्प सुरू झाला. त्यात 33 प्रकारच्या कर्करोगांच्या 11,000 हून अधिक रुग्णांचे नमुने अभ्यासले गेले आणि जमलेली माहिती 2.5 पेटाबाइट, म्हणजे सुमारे 25 लाख गिगाबाइट भरली. ही माहिती जगभरच्या संशोधकांना खुली करण्यात आली; रुग्णाची ओळख पटू शकेल असा भाग तेवढा परवानगीच्या कुलपाआड राहिला. वही एवढी मोठी झाली, पण ती वाचू शकणारे दिवाणजी कोठून आणावयाचे?

ही वही वाचणे अवघड असते, ते केवळ तिच्या आकारामुळे नव्हे. समजा, एखाद्या औषधाने बरे झालेले आणि न झालेले असे दोन गट घेतले आणि 20,000 जनुकांपैकी कोणती दोन्ही गटांत वेगळी आहेत ते पाहिले. संशोधनात बहुधा अशी कसोटी लावतात की, निव्वळ योगायोगाने हा फरक दिसण्याची शक्यता शंभरात पाचांहून कमी असावी. एका जनुकापुरती ही कसोटी ठीक आहे. परंतु 20,000 जनुकांना तीच लावली, तर औषधाचा काहीही संबंध नसतानाही सुमारे 1,000 जनुके कसोटीस उतरतील! उत्साही संशोधक त्या हजारांतून आपल्या मनाजोगी दहा निवडील आणि शोध लागला असे समजेल. त्याच्या मनात कपट नसेल. फक्त गणित अपुरे पडलेले असेल.

दुसरा धोका कापडाच्या व्यापाऱ्यांना लगेच उमजेल. एक ठाण दिवसाच्या उजेडात पाहिले आणि दुसरे रात्री दिव्याखाली, तर रंगांतला फरक कापडाचा की उजेडाचा, हे सांगता येत नाही. प्रयोगशाळेत रुग्णांचे नमुने एका दिवशी आणि निरोगी व्यक्तींचे दुसऱ्या दिवशी यंत्रावर चढविले, तर नेमके हेच घडते. 2002 साली रक्ताच्या एका थेंबावरून अंडाशयाचा कर्करोग ओळखण्याची पद्धत सापडल्याचा गाजावाजा झाला होता. पुढे अन्य तज्ज्ञांनी तोच डेटा तपासला, तेव्हा दिसणारा फरक रोगाऐवजी नमुने हाताळण्याच्या रीतीतून आलेला असू शकतो, असे आढळले. विख्यात संख्याशास्त्रज्ञ सर रोनाल्ड फिशर यांनी 1938 साली आपल्याच देशात, भारतीय सांख्यिकी परिषदेच्या अध्यक्षपदावरून, बजावून ठेवले होते की, प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणे म्हणजे शवविच्छेदनासाठी बोलावणे होय. प्रयोग कशाने मेला, एवढेच तो सांगू शकेल.

मग प्रत्येक संशोधकाने पदरी एक संख्याशास्त्रज्ञ ठेवावा काय? ते शक्य नाही. लहान प्रयोगशाळेला त्याचे वेतन झेपत नाही, शिवाय वर्षभर पुरेल एवढे काम तिच्याकडे नसते. अमेरिकेत 1971 साली राष्ट्रीय कर्करोग कायदा झाला आणि त्यातून मान्यताप्राप्त कर्करोग केंद्रांचे जाळे वाढत गेले. आज अशी सत्तरांहून अधिक केंद्रे आहेत. त्यांना मिळणाऱ्या सरकारी अनुदानातून ‘सामायिक सेवा’ चालविल्या जातात. महागडी सूक्ष्मदर्शके, नमुन्यांचे शीतसंग्रह आणि त्यांच्याच जोडीला संख्याशास्त्र व जैवमाहितीशास्त्र यांचे विभाग. केंद्रातील कोणीही संशोधक या विभागाकडे जावे, प्रयोग आखण्यापूर्वी सल्ला घ्यावा, डेटा हाती आल्यावर विश्लेषण करून घ्यावे. खर्चाचा काही भाग केंद्र उचलते, काही संशोधकाच्या अनुदानातून वळता होतो. गावातील पांजरापोळ किंवा पाणपोई जशी एकट्याच्या ऐपतीबाहेरची, पण सर्वांनी मिळून सहज चालणारी, तशीच ही व्यवस्था.

या व्यवस्थेने काय साधते, याची साक्ष देणारी एक घटना मुद्दाम विस्ताराने सांगतो.

2006 साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘नेचर मेडिसिन’ या प्रतिष्ठित नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध केला. गाठीतील जनुकांच्या मोजमापावरून कोणत्या रुग्णाला केमोथेरपीचे कोणते औषध लागू पडेल, हे आधीच सांगता येते, असा त्यांचा दावा होता. आपल्या त्या मातोश्रींच्या प्रश्नाचे जणू उत्तरच! ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील डॉक्टरांना ही पद्धत आपल्या रुग्णांसाठी वापरावीशी वाटली. त्यांनी आपल्याच केंद्रातील कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स या विश्लेषकांना विनंती केली की, ही पद्धत नीट समजावून घ्या आणि आम्हांला वापरता येईल अशी करून द्या.

दोघांनी प्रसिद्ध झालेला डेटा उतरवून घेतला आणि पहिल्यापासून गणित मांडण्यास प्रारंभ केला. उत्तर जुळेना. शोध घेता घेता एक विलक्षण गोष्ट दिसली : जनुकांची जी यादी छापली होती, ती एका ओळीने सरकलेली होती. तक्त्याच्या माथ्यावर शीर्षकाची ओळ असते; ती धरायची की नाही, या गोंधळात प्रत्येक आकड्यापुढे शेजारच्या जनुकाचे नाव येऊन बसले होते. खतावणीत एका खातेदाराची रक्कम सर्रास पुढच्याच्या नावे पडावी, तसे हे झाले. ती ओळ सरकवून घेतली तरी काही जनुके यादीत कोठून आली याचा उलगडा होईना. त्यांतील काही तर वापरलेल्या तक्त्यावर मुळी मोजलीच गेली नव्हती. पुढे याहून भयंकर प्रकार आढळला. काही ठिकाणी ‘औषध लागू पडते’ आणि ‘औषध लागू पडत नाही’ ही लेबलेच उलटसुलट झाली होती. जमा आणि नावे यांची अदलाबदल! याचा अर्थ असा की, जे औषध निरुपयोगी ठरणार, नेमके तेच रुग्णाला सुचविले जाण्याचा संभव होता.

ही भीती केवळ कागदावरची नव्हती. 2007 पासून याच पद्धतीच्या आधारे फुप्फुसाच्या आणि स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर ड्यूकमध्ये वैद्यकीय चाचण्या सुरू झाल्या होत्या आणि शंभरांहून अधिक माणसे त्यांत सामील झाली. बॅगर्ली आणि कूम्ब्स यांनी पत्रे लिहिली, आक्षेप नोंदविले. ‘किरकोळ चुका दुरुस्त केल्या, निष्कर्ष कायम आहे,’ अशा आशयाची उत्तरे येत राहिली. दोघांनी या तपासणीत शेकडो तास घातले. तिचा सविस्तर वृत्तांत त्यांनी 2009 साली एका संख्याशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला, तेव्हा चाचण्या तात्पुरत्या थांबल्या. विद्यापीठाने बाहेरच्या समीक्षकांकडून परीक्षण करविले आणि 2010 च्या आरंभी त्या पुन्हा सुरूही केल्या. त्या समीक्षकांपुढे आक्षेपांची सर्व कागदपत्रे ठेवलीच गेली नव्हती, हे नंतर उघड झाले. त्याच वर्षाच्या मध्यावर प्रमुख संशोधकाच्या परिचयपत्रातील खोट्या नोंदी बाहेर आल्या आणि मग मात्र चाचण्या कायमच्या बंद झाल्या. लेख एकामागून एक मागे घेतले गेले. 2015 साली अमेरिकी सरकारच्या संशोधन-सचोटी कार्यालयाने निष्कर्ष दिला की, त्या संशोधनात खोटा डेटा घालण्यात आला होता.

त्या संशोधकाचे नाव येथे मुद्दाम लिहीत नाही. व्यक्तीच्या निंदेतून आपल्याला काही मिळवावयाचे नाही; दोष कसा शिरला आणि कसा सापडला, हे समजणे पुरेसे आहे. तो सापडला याचे कारण असे की, तपासणारे दोघे एका सामायिक विभागात बसले होते. निष्कर्ष खरा ठरला काय आणि खोटा ठरला काय, त्यांच्या वेतनात फरक पडणार नव्हता. त्यांच्या केंद्रातील डॉक्टरांनी त्यांना विचारले, म्हणून त्यांनी तपासले. तो काटा खरेदीदाराचाही नव्हता आणि विक्रेत्याचाही नव्हता. या प्रकरणानंतर अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2012 साली शिफारशी केल्या : रुग्णांवर चाचणी सुरू करण्यापूर्वी गणिताची पद्धत पूर्णपणे निश्चित करून कुलूपबंद करावी आणि मूळ डेटा व गणिताचा क्रम इतरांना तपासण्यासाठी उपलब्ध ठेवावा. आपल्या भाषेत सांगावयाचे तर, वही उघडी ठेवावी आणि पान फाडू नये.

आता दुसरी घटना पाहू. ती आपल्याच अंगणातली आहे आणि तिच्यात हिशेब चोख ठेवल्याचे फळ दिसते.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे 1987 साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. शहरातील रुग्णालयात माणूस आला म्हणजे त्याची नोंद आपोआप होते. खेड्यातला माणूस रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून येथील कार्यकर्ते गावोगाव हिंडले, लोकांशी बोलले, रुग्ण शोधले आणि त्यांची नोंद केली. ही नोंदीची सवय अंगवळणी पडलेली असल्यामुळेच 1999 पासून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास उभा राहू शकला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था असे तिघे त्यात एकत्र आले. गावात फिरणारे पाय बार्शीचे, आणि आखणीपासून विश्लेषणापर्यंत लियाँच्या तज्ज्ञांची साथ, असा तो संयोग होता.

30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया, गावांचे 52 गट. कोणत्या गटाला कोणती तपासणी, हे चिठ्ठी टाकावी तसे निःपक्षपातीपणे ठरविण्यात आले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तीन निरनिराळ्या तपासण्या तीन समूहांना आणि चौथ्या समूहाला त्या काळी चालू असलेली नेहमीची सेवा. आठ वर्षे पाठपुरावा झाला. चौथ्या समूहातील 31,488 स्त्रियांपैकी 64 जणी या रोगाने दगावल्या. ज्या समूहात एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात केवळ एकदा झाली, त्यातील 34,126 स्त्रियांपैकी 34 जणी दगावल्या. मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते. 2009 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगाने त्यांची दखल घेतली. गर्भाशयमुखाच्या तपासणीत आज जागतिक आरोग्य संघटना याच प्रकारच्या चाचणीला प्राधान्य देते.

चौथ्या समूहाला तपासणी का मिळाली नाही, यावरून पुढे नैतिक वादही झाला. तो वाद झटकून टाकण्याजोगा नाही. 64 आणि 34 या दोन आकड्यांच्या मागे घरे आहेत, मागे राहिलेली लेकरे आहेत. म्हणूनच त्या आकड्यांचा हिशेब अणुमात्रही चुकता कामा नये. ज्या भगिनींनी आपले देह आणि आपली माहिती विश्वासाने सोपविली, त्यांचे ऋण चोख हिशेबानेच अंशतः फिटते. अर्धवट नोंदी ठेवणे किंवा ढिसाळ गणित करणे, हा त्या विश्वासाचा घात आहे.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत, ते स्वाध्यायात आपण वाचतो. सत्यव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ येते, म्हणजे खोटे लेख करणे. अचौर्यव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’ येते, म्हणजे मापात आणि वजनात कमीअधिक करणे. पेढीवर बसताना आपल्या वाडवडिलांनी ही दोन्ही बंधने मानली, म्हणून त्यांची हुंडी परगावी शब्दावर चालत असे. प्रयोगशाळेतील नोंदवहीला या बंधनांतून सूट असण्याचे काहीच कारण नाही. तेथे तर मापातील खोट थेट जिवावर बेतते. आणि चूक झालीच तर प्रतिक्रमणाची वाट आपल्याला ठाऊक आहे : आलोचना करावी, दोष उच्चारावा, पुन्हा न करण्याचा निश्चय करावा. चूक आढळताच लेख मागे घेणारा संशोधक लज्जास्पद काही करत नाही. लज्जास्पद आहे ते चूक दाखवून दिल्यावरही रेटत राहणे.

आता पुन्हा त्या कुटुंबाच्या प्रश्नाकडे वळतो. शास्त्रांत आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. आपल्या समाजाने औषधदानात कधी हात आखडता घेतला नाही. दवाखाने, धर्मशाळा, यंत्रे, रुग्णवाहिका यांवरील पाट्या त्याची ग्वाही देतात आणि त्या दानांचे मोल उणे लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु यंत्र आले की त्यातून आकडे निघू लागतात आणि ते वाचणारा माणूस नसेल, तर ते आकडे कपाटात पडून राहतात. किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीचे वाचले जातात. संख्याशास्त्रज्ञाचे वेतन, नोंदी भरणाऱ्या दोन मुलींचे मानधन, उपचार संपलेल्या रुग्णांना पाच वर्षे दूरध्वनी करून त्यांची विचारपूस करणाऱ्या माणसाचा पगार, यांसाठी देणगी मागायला कोणी येत नाही; कारण या कामावर पाटी लावता येत नाही. पण विचार करा : हे ज्ञानाचे दान आहे, त्यातून योग्य औषध ठरते म्हणून औषधदानही आहे, आणि चुकीच्या उपचारापासून रुग्ण वाचतो म्हणून अभयदानही आहे. पाटी नसल्यामुळे ते गुप्तदान ठरते, हा आणखी एक लाभ.

एकत्र येण्याचा मार्ग आपल्या देशात तयार होतच आहे. 2012 साली टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’ सुरू झाले. आज तीनशेहून अधिक रुग्णालये आणि संस्था त्यात आहेत. त्यांनी अनेक केंद्रांची औषधखरेदी एकत्र केली, तेव्हा भाव मोठ्या प्रमाणावर उतरले. घाऊक खरेदीचे हे तत्त्व आपल्याला कोणी शिकवावयास नको. जे औषधाच्या बाबतीत साधले, ते हिशेबनिसाच्या बाबतीतही साधता येईल. तीन-चार तालुक्यांतील धर्मादाय रुग्णालये मिळून एक चांगला विश्लेषक ठेवू शकतात. आज एकेकट्याला ज्याची कल्पनाही करवत नाही, ते चौघांच्या वर्गणीत बसते.

दान करणाऱ्याने मात्र काही पथ्ये पाळावीत. रक्कम एकदाच देऊन मोकळे होण्याऐवजी किमान पाच वर्षांचे आश्वासन द्यावे. कर्करोगाच्या नोंदी एका वर्षात बोलत नाहीत. कोणते औषध गुणकारी ठरावे, याविषयी दात्याने चकार शब्द काढू नये. काटा एकदा दात्याकडे झुकला की तो धर्मकाटा राहिला नाही. जे प्रयोग फसले, त्यांचाही वृत्तांत प्रसिद्ध होईल, असे लेखी घ्यावे, म्हणजे दुसरा कोणी त्याच वाटेने जाऊन रुग्णांना व्यर्थ त्रास देणार नाही. आणि रुग्णांची नावे व कागदपत्रे कोणाच्या हाती जाणार नाहीत, याची खात्री करून घ्यावी; व्याधी ही घराची झाकली मूठ असते.

त्या मातोश्रींना मी एवढेच कळविले आहे की, आपल्या प्रश्नाला त्यांच्या डॉक्टरांनी दिलेले उत्तर प्रामाणिकच असेल. फक्त त्या उत्तरामागची वही अधिक नीट लिहिली जावी, एवढी व्यवस्था आपण पुढच्या माणसासाठी करू शकतो. घरातील निर्णय अद्याप व्हायचा आहे. थोरले अजून यंत्राच्याच बाजूचे आहेत. पण रुग्णालयाच्या विश्वस्तांना भेटावयास जाताना एक प्रश्न आवर्जून विचारू, असे त्यांनी मान्य केले आहे : “आपल्याकडे आकडे तपासून पाहणारे कोण आहे?”

आपल्यापैकी अनेक जण कोणत्या ना कोणत्या रुग्णालयाचे विश्वस्त किंवा देणगीदार आहेत. पुढच्या सभेत हा प्रश्न त्यांनीही विचारून पाहावा.